पाहिलेले आणि वाटलेले

(जालना येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते गुरुजी वाचनालयवाले. त्यामुळे इथून पुस्तकांविषयी, संतांविषयी, शेतीविषयी पुष्कळ बोललं गेलं आहे. मी चित्रकलेचा मास्तर. मी अजिंठ्यावर बोलेन अशी संयोजकांची समजूत होती. पण निवृत्तीनंतर माझ्याकडे चित्र शिकायला येणारे कमी आणि ‘सर, आरशातली प्रतिमा चुकते’, ‘आकृत्यांची मालिका जमत नाही’ म्हणून येणारे जास्त. अंबड, मंठा, घनसावंगीकडची ही मुलं खोली घेऊन राहतात, पहाटे मैदान मारतात आणि दुपारी बुद्धिमत्तेचे संच सोडवतात. त्यांच्याकडे पाहता पाहता जो विषय डोक्यात बसला, तोच आज घेतो आहे: क्षणभर पाहिलेलं लक्षात राहतं का, राहिलं तर किती खरं राहतं, आणि त्याची तयारी करता येते का.

पोलीस शिपाई भरतीचं गणित या मुलांना तोंडपाठ असतं. मैदान ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यानंतर १०० गुणांची लेखी, ९० मिनिटांत. अंकगणित, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी आणि बुद्धिमत्ता चाचणी. राज्य राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटर धावावं लागतं. त्याचा गट क्रमांक ३ तर आपल्याच गावात आहे. म्हणजे पायाची परीक्षा झाली, दंडाची झाली, पाठांतराची झाली. डोळ्याने टिपलेलं किती टिकतं, याला एकही गुण नाही. आणि वर्दी अंगावर चढली की पहिल्या नाकाबंदीपासून नेमकं तेच काम. गाडी गेली, किती जण होते? मागे बसलेल्याच्या अंगात काय होतं? कुठल्या बाजूला वळली?

जगात ही परीक्षा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरातल्या पोलीस परीक्षेत उमेदवाराला एक चित्र काही मिनिटं पाहायला देतात, काढून घेतात आणि मग त्यावर बारीकसारीक विचारतात. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं, घड्याळात किती वाजले होते, कुणाच्या हातात काय होतं. आपल्याकडे रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत स्मरणाची वेगळी चाचणी असते. इमारती दाखवलेला नकाशा थोडा वेळ पाहायचा आणि मग कुठली इमारत कुठे होती ते सांगायचं. तिथे प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर लागतो आणि या अटीत कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. सैन्याच्या अधिकारी निवडीत एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, मग त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची; माणसं किती, वयं काय, मनःस्थिती कशी, हेही नोंदवायचं. शेजारी संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथल्या मुलांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो.

आता मास्तर म्हणून माझा दावा ऐका. महाराष्ट्र शासन स्वतःच कित्येक पिढ्या ही परीक्षा घेत आलं आहे. फक्त ती गृहखात्याकडे नाही, कला संचालनालयाकडे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट! इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी दिली असेल. वस्तुचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि स्मरणचित्र. समोर काही ठेवायचं नाही, विषय फळ्यावर लिहायचा, घड्याळ लावायचं आणि आठवून काढायचं. आठवडी बाजार, बसथांबा, पाणवठा, फुगेवाला.

या पेपरात मुलं काय काढतात? दोन डोंगर, त्यांच्या खोबणीतून अर्धा सूर्य, मधून वळत आलेली नदी, एका काठाला झोपडी आणि दुसऱ्या काठाला नारळाचं झाड. जालना जिल्ह्यात! परतूरच्या मुलाने आयुष्यात नारळाचं झाड फार तर एखाद्या बंगल्याच्या आवारात पाहिलेलं. त्याच्या दारात कडुलिंब, बांधावर बाभूळ, शेतात मोसंबी. पण कागदावर नारळच उगवतो. विषय ‘आठवडी बाजार’ असला तरी मागे ते दोन डोंगर. शिकवणीवर्गातून पाठ केलेल्या चार माणसांच्या आकृत्या असतात: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सायकलवाला, पाठमोरा शेतकरी, लहान मूल. विषय कुठलाही द्या, या चौघांची बदली होते एवढंच.

श्रेणी मात्र अनेकदा चांगली मिळते, कारण रेषा सफाईदार असते. याचा मला नोकरीभर राग येत राहिला. नंतर थोडं वाचल्यावर कळलं की दोष मुलांचा नाही, शिकवणीवाल्यांचाही पूर्ण नाही. माणसाची आठवण मुळात अशीच चालते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली स्मरणावर पुस्तक लिहिलं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्याने इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतली. कथेतल्या अनोळखी गोष्टी गळून गेल्या आणि त्यांच्या जागी वाचकांच्या ओळखीच्या आल्या. सीलची शिकार होती, तिची साधी मासेमारी झाली. न समजलेलं मनाने परस्पर दुरुस्त करून टाकलं होतं. आमचा परतूरचा मुलगा उलट्या बाजूने तेच करतो. दारातला कडुलिंब त्याने कधी नीट पाहिलेलाच नाही. म्हणून रिकाम्या जागेत पाठ असलेला नारळ येऊन बसतो.

हे शाळकरी वाटेल. तुमचीच परीक्षा घेतो. कृपया खिशात हात घालू नका. वीस रुपयांची हिरवट पिवळी नोट. तिच्या पाठीवर काय छापलं आहे? ... बघा, कुणी लाल किल्ला म्हणतं, कुणी कोणार्क, कुणी गप्प. वेरूळ आहे, मंडळी. तास-दीड तासाच्या अंतरावरचं वेरूळ. सहलीला जाऊन आलेलं, आणि नोट रोज हातातून जाणारी. निकरसन आणि ॲडम्स या दोघांनी १९७९ मध्ये अमेरिकन लोकांना त्यांचं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांचीही अशीच फजिती झाली. रोज दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं, हे आपल्या जिल्ह्याला तर फार गंभीरपणे विचारायला हवं. समर्थांच्या जन्मगावी, जांबला, ऑगस्ट २०२२ मध्ये मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे पोलिसांनी चोर पकडून मूर्ती परत आणल्या आणि जिल्ह्याने सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवसांत मी माझ्याच गल्लीतल्या देवळात जाणाऱ्या मंडळींना विचारून पाहिलं, आपल्या मारुतीचा कुठला हात वर आहे? उत्तरं दोन्ही बाजूंनी आली, आणि दोन्ही बाजू ठाम होत्या.

त्या ठामपणाशी माझं भांडण आहे. न आठवणं हा गुन्हा नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग काय असेल? दुसऱ्या पन्नासांना विचारताना नुसतं ‘धडकल्या’ म्हटलं. तिसऱ्या पन्नासांना वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या गटातले १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले ७, तिसऱ्यातले ६. प्रश्नातल्या एका क्रियापदाने काचा फोडल्या! चौकशी करणाऱ्या हवालदाराने हे कायम ध्यानात ठेवावं. ‘त्याच्या हातातला चाकू केवढा होता?’ असं विचारलं की चाकू हातात आलाच.

म्हणूनच ओळख परेडच्या वेळी संशयिताला एकट्याला समोर उभं करत नाहीत. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांत मिसळतात, आणि कार्यकारी दंडाधिकारी किंवा पंच समोर असतात. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ९ त्यासाठी सांगितलं जायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७ आलं. त्याच दिवसापासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालं आहे. यावर एका हुशार मुलाने मला विचारलं, ‘सर, आता मोबाइल आहे, सीसीटीव्ही आहे, डोक्यात कशाला ठेवायचं?’ प्रश्न रास्त आहे. पण मोबाइल कुठे रोखायचा हे कोण ठरवणार? आणि चौकातल्या कॅमेऱ्याचे तासन्‌तासचे चित्रण पाहायला बसलेल्या शिपायाला काय शोधायचं हे आधी माहीत असावं लागतं.

याची दोन उदाहरणं सांगतो, एक जवळचं आणि एक लांबचं.

लांबचं आधी. फ्रेंच ठग आणि खुनी चार्ल्स शोभराज मार्च १९८६ मध्ये तिहारमधून पळाला. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिलला गोव्यात, पर्वरीच्या ओ कोकेरो या उपाहारगृहात त्याला धरलं. झेंडे यांनी त्याला पूर्वी एकदा पकडलं होतं, १९७१ मध्ये. मधली पंधरा वर्षं तो चेहरा त्यांच्याजवळ होता. गेल्या वर्षी-दोन वर्षांत त्यांच्यावर सिनेमा आला, मुलांनी पाहिला आहे. पण सिनेमात धावपळ जास्त दिसते. मला त्या घटनेतला भाग आवडतो तो बसून राहण्याचा. टेबलाशी बसायचं, आत येणाऱ्याकडे पाहायचं आणि डोक्यातल्या चेहऱ्याशी ताडायचं. छायाचित्र हातात घेऊन हे करता येत नाही, समोरचा सावध होतो.

दुसरं आपल्या मातीतलं. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. परतताना मोगली फौजेने संगमनेरच्या बाजूला गाठलं. सरदार सिधोजी निंबाळकर लढाईत पडले. तेव्हा हेर बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. तोच पुढे विश्रामगड झाला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत हा प्रसंग आहे. बहिर्जींच्या नावावर नंतर लोकांनी वेषांतराच्या नाना कथा चढवल्या, त्या रंजक आहेत, मी त्यांच्या वाटेला जात नाही. मला एवढंच पुरतं की मागे फौज लागलेली असताना, लुटीचं ओझं असताना, कुठली खिंड कुठे निघते हे त्या माणसाच्या डोक्यात स्वच्छ होतं. नकाशा पाहून ते आलेलं नव्हतं. पूर्वी त्या वाटा तुडवताना त्याने त्या पाहिल्या होत्या, उपयोगी पडतील या हिशेबाने पाहिल्या होत्या.

आता तयारीकडे येतो. मागच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली भरतीची मुलंमुली याचीच वाट पाहत आहेत.

पहिली गोष्ट, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, चूर्णं आणि दोन दिवसांची शिबिरं यांवर पैसे घालवू नका. एका नजरेत डोक्यात मावणाऱ्या वस्तू फार थोड्या. लक आणि वोगेल यांनी १९९७ मध्ये रंगीत चौकोन दाखवून मोजलं, तर चारच्या आसपास भरल्या. ही मर्यादा तुमची, माझी आणि पोलीस अधीक्षकांची सारखीच आहे. फरक पडतो तो एका वस्तूत तुम्ही किती कोंबू शकता यात. चेस आणि सायमन या दोघांनी १९७३ मध्ये बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर ते ती भराभर पुन्हा मांडत. नवशिक्याला चारेक सोंगट्या जमत. पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की निष्णातही नवशिक्याच्या पंक्तीला. म्हणजे आठवण ज्ञानावर उभी असते. हे आपल्याकडे कसं लागू होतं बघा. गाडीचा नंबर चार सेकंद दिसला. ज्याला एमएच २१ म्हणजे जालना, २० म्हणजे संभाजीनगर, २२ परभणी, २३ बीड, २८ बुलढाणा हे माहीत आहे, त्याला पहिले दोन आकडे लक्षात ठेवावेच लागत नाहीत. ‘बुलढाण्याची गाडी’ एवढं एक ठेवलं की उरलेली जागा पुढच्या चार आकड्यांना मोकळी. गाड्यांच्या कंपन्या आणि मॉडेलं, वर्दीवरच्या फिती, शेतीची अवजारं, साड्यांचे प्रकार, हत्यारांचे प्रकार हे जितकं माहीत, तितकं चित्र हलकं होतं. मुलींना इथे मुलांपेक्षा जास्त येतं हा माझा अनुभव. एकीने चित्रातल्या बाईच्या साडीचे काठ असे सांगितले की मुलं तोंडाकडे बघत राहिली.

दुसरं, नजरेचा रस्ता ठरवा. चित्र समोर आलं की पहिले काही क्षण फक्त काय चाललंय ते बघा: बाजार आहे, भांडण आहे, अपघात आहे. मग नजर एकाच क्रमाने फिरवा. डावीकडून उजवीकडे चालेल, पुढून मागे चालेल. रोज बदलू नका. माणूस पाहताना डोक्यापासून पायापर्यंत उतरा आणि शेवटी हात बघा. हात विसरतात सगळे. पाट्या, घड्याळ, नंबर यांचं मनातल्या मनात उच्चारण करा, नुसते बघू नका. आणि वेळ संपायच्या आत थोडे क्षण राखून डोळे मिटा, चित्र एकदा आतून फिरून घ्या. जिथे धूसर वाटेल तिथे डोळे उघडून पुन्हा पाहता येतं. बहुतेक मुलं शेवटच्या क्षणापर्यंत कागदाला डोळे लावून बसतात, तो वेळ वाया जातो.

तिसरं आवडणार नाही असं आहे. चित्र पुन्हा पुन्हा पाहून तयारी होत नाही, आठवून होते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून चित्र उलटं टाकल्यावर लगेच उत्तरं ताडू नका. आधी कोऱ्या कागदावर चौकट काढून सुचेल ते मांडा. चित्र काढता येत नसेल तर गोल आणि रेघा काढा, मी गुण देणार नाही. तोच कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा, मूळ चित्र न पाहता. साहित्य विकत आणायची गरज नाही. गांधी चमनच्या कोपऱ्यावर उभे राहा, मिनिटभर पाहा, पाठ फिरवा आणि सोबत्याला सांगा. सोबती तिकडे तोंड करून तपासेल. नवा मोंढा, बसस्थानक, मामा चौक, कुठेही चालतं. फक्त कुणाकडे टक लावून बघत बसू नका. मुलांनो, हे विशेषतः तुम्हाला सांगतो आहे.

चौथं, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीवाल्यांसाठी. हा चित्र आठवण्याचा सराव पंख्याखाली बसवून घेऊ नका. १६०० मीटर संपवून पोरगं गुडघ्यावर हात ठेवून उभं आहे, छाती भात्यासारखी चालली आहे, तेव्हा त्याच्यासमोर चित्र धरा. नोकरीत ते असंच दिसणार आहे. भीती आणि धाप यांत नजर आकसते. समोरच्याच्या हातात हत्यार असेल तर साक्षीदाराची नजर हत्याराला चिकटते आणि चेहरा निसटतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. धापा टाकतानाही चेहऱ्याकडे नजर वळवायची सवय मैदानावरच लागली तर लागेल.

आणि आता एका गोष्टीवरून मी तुमच्या शिकवण्यांशी वाद घालणार आहे. पोलीस भरतीच्या लेखीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सगळ्या वर्गांत एकच मंत्र: एकही गोल रिकामा सोडायचा नाही, येत नसेल तर ठोका. परीक्षेपुरता सल्ला अचूक आहे, मीही तोच देतो. पण हीच सवय घेऊन मुलगा पोलीस प्रशिक्षण केंद्रात जातो, तिथून ठाण्यात जातो, आणि पंचनाम्याच्या वेळी रिकामा गोल त्याला सहन होत नाही. शर्टाचा रंग आठवत नाही, लिहिलं निळा. वेळ पाहिली नाही, लिहिलं अंदाजे सव्वानऊ. त्यातला निळा दोन वर्षांनी जालन्याच्या कोर्टात उलटतपासणीला उभा राहतो. बचावाचा वकील त्या एका निळ्यावरून सगळी साक्ष उसवतो, आणि कधी कधी त्या निळ्यामुळे भलताच माणूस आत जाऊन बसतो.

तेव्हा सराव घ्याल तेव्हा दहा प्रश्नांपैकी दोन तरी चित्रात नसलेल्या गोष्टींवर काढा. सायकलच्या कॅरिअरला काय बांधलं होतं, असं विचारा, आणि चित्रात सायकलच ठेवू नका. प्रत्येक प्रश्नाला ‘पाहिलं नाही’ असा पाचवा पर्याय द्या. तो योग्य ठिकाणी निवडला तर पूर्ण गुण. ठोकून दिलेल्या उत्तराला उणे दोन. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे गुण शून्याखाली जातील, पालक तक्रार करतील, ती ऐकून घ्या.

चित्रं कुठून आणायची हा प्रश्न संयोजकांनी आत येतानाच विचारला. प्रत्येक तालुक्याला निवृत्त कलाशिक्षक आहेत, घरी बसून कंटाळलेले आहेत. त्यांच्याकडून आपल्याकडचे बाजार, आपल्याकडचे चौक, आपल्याकडच्या जत्रा काढून घ्या. राजूरच्या गणपतीची चतुर्थीची गर्दी मी काढून देतो, पुढच्या महिन्यात अकादमीत आणून पोचवतो. नारळाचं झाड त्यात नसेल. ज्या मुलाच्या कागदावर ते येईल त्याचे दोन गुण तिथेच कापा.